आधीच्या मालकाने बदल केलेली बीआरझेड ऑटोक्रॉसच्या कोणत्या क्लासमध्ये नोंदवावी?

सह्याद्री८६ (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, म्हणजे एससीसीएच्या, डेट्रॉइट भागातील ऑटोक्रॉसमध्ये येत्या मोसमापासून स्वतःची गाडी घेऊन उतरण्याचा माझा विचार आहे. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या गाडीत शेजारी बसून मी काही फेऱ्या अनुभवल्या आहेत. मोकळ्या पार्किंगमध्ये मांडलेल्या शंकूंमधून एकेका गाडीने घड्याळाशी शर्यत करायची, शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड सोसायचा, आणि आपली पाळी नसेल तेव्हा इतरांनी पाडलेले शंकू उभे करायला मैदानात धावायचे, हा सगळा मामला मला मनापासून आवडला. घोडे अडले आहे ते नोंदणीच्या अर्जापाशी, कारण त्यात गाडीचा क्लास भरावा लागतो.

गाडी २०१३ सालची सुबारू बीआरझेड आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सची आणि सेकंडहँड. आधीचा मालक हौशी होता, पण नेमके काय काय बदलले याची पूर्ण यादी त्याच्यापाशीही नव्हती. पावत्यांवरून आणि डोळ्यांनी पाहून मला जे कळले ते असे: उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेले), पुढच्या बाजूला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलणाऱ्या कॅम्बर प्लेट, १७ बाय ९ इंची रिम आणि त्यांवर २४५/४० मापाचे टायर, पुढचा व मागचा असे दोन्ही स्वे बार (वळणात गाडीचे झुकणे रोखणारे दांडे) जाड, मागे लांबी बदलता येणारे लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे), कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणारी पहिली नळी), ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, ट्यून आणि ड्रायव्हरच्या बाजूला बकेट सीट. इंजिन उघडलेले नाही, टर्बो किंवा सुपरचार्जरही नाही.

नियमपुस्तक उतरवून घेतले आणि वाचायला बसलो. स्ट्रीट, स्ट्रीट टूरिंग, स्ट्रीट प्रिपेअर्ड, स्ट्रीट मॉडिफाइड, प्रिपेअर्ड, मॉडिफाइड अशी चढती उतरंड समजली; शिवाय अमेरिकन मसल गाड्यांसाठी कॅम, मोकळ्या बदलांसाठी एक्सएस, आणि माझ्याच गाडीच्या जातीसाठी सोलो स्पेक कूप असे काही वेगळे क्लासही दिसले. त्यापुढे मात्र डोके चालेनासे झाले. माझे प्रश्न असे की, ही गाडी आज आहे त्या स्थितीत नियमाने कुठे बसते. काही भाग मूळचे बसवून ती खालच्या विभागात आणणे शहाणपणाचे ठरेल का. आणि नोव्हिस, म्हणजे नवखा, म्हणून नाव नोंदवले तर या सगळ्या भानगडीतून पहिल्या मोसमापुरती तरी सुटका होते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


शंकूपाल (ओहायो)

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत छोटे आहे: सुटका होत नाही. क्लबच्या बहुतेक रीजनमध्ये (प्रादेशिक शाखांमध्ये) नोव्हिस गटाचा निकाल पॅक्सवर, म्हणजे प्रत्येक क्लासला दिलेल्या गुणकाने वेळेला गुणून, लावला जातो, आणि तो गुणक तुमची गाडी खरोखर ज्या क्लासची आहे त्याचाच धरतात. त्यामुळे नोव्हिस असलात तरी क्लास ठरवावाच लागतो.

आता मुख्य प्रश्न. एससीसीएच्या सोलो (क्लबमध्ये ऑटोक्रॉसला हेच म्हणतात) नियमांचा पाया असा आहे की, ज्या बदलाला पुस्तकात स्पष्ट परवानगी दिलेली नाही तो बदल निषिद्ध समजायचा. ‘असे करू नका’ असे कुठे लिहिलेले नाही, म्हणून ते चालेल, हा युक्तिवाद आमच्या टेबलापाशी दर मोसमात कोणीतरी करतोच, आणि दर वेळी आम्ही त्याला तेच पान उघडून दाखवतो. या पायामुळे गाडीचा क्लास तिच्यातल्या सरासरी बदलांवरून ठरत नाही; सर्वांत जास्त मोकळीक मागणारा जो एकच भाग असेल तो अख्ख्या गाडीला स्वतःबरोबर वर ओढून नेतो. तुमच्या यादीत नऊ गोष्टी असल्या, तरी तुम्हाला शोधायचा आहे तो एखाददुसराच भाग.

स्ट्रीट विभागाचा विचार सोडून द्या. तिथे शॉक अब्सॉर्बर बदलता येतात, पण स्प्रिंग मूळचीच लागते. पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच स्वे बार बदलता येतो. रिमची रुंदी मूळची, म्हणजे तुमच्या गाडीला ७ इंच, ठेवावी लागते. व्यास एक इंचाने कमीजास्त चालतो आणि ऑफसेटमध्ये (रिम किती आत-बाहेर बसते त्यात) सुमारे ७ मिलिमीटरचीच सवलत मिळते. हेडर, ट्यून, बकेट सीट, कॅम्बर प्लेट हे सगळे उतरवावे लागेल. म्हणजे अर्धी गाडी परत बांधायची. शिवाय या गाडीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असल्याने फॅक्टरीच्या मर्यादेत निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणे) अगदीच कमी मिळतो, आणि ऑटोक्रॉसच्या वळणांत पुढच्या टायरची बाहेरची कड पाहता पाहता झिजते, आतला भाग मात्र नव्यासारखा राहतो. स्ट्रीट विभाग स्वस्त असे सगळे म्हणतात; टायरचा खर्च त्यात कोणी धरत नाही. सोलो स्पेक कूपलाही हेच लागू पडते, कारण तिथे शॉक, स्प्रिंग आणि टायर ठरवून दिलेले आहेत आणि तुमच्या गाडीतले सगळे वेगळे आहे.

स्ट्रीट टूरिंग विभाग तुमच्यासारख्या गाड्यांसाठीच आहे, आणि बीआरझेड व तिची जुळी बहीण सायन एफआर-एस या दोघी वर्षानुवर्षे त्यातल्या एसटीएक्स क्लासमध्ये धावत आल्या आहेत. कॉइलओव्हर चालतात, कॅम्बर प्लेट चालतात, दोन्ही स्वे बार चालतात, ट्यून चालते. टू-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना तिथे ९ इंची रिमपर्यंत परवानगी आहे, तेव्हा तुमची १७ बाय ९ काठावर का होईना, आत बसते. टायर मात्र किमान २०० ट्रेडवेअरचे (टायरवर छापलेला टिकाऊपणाचा आकडा) हवेत. सीट बदलता येते, पण ब्रॅकेटसह तिचे वजन किमान २५ पौंड भरले पाहिजे, कारण हलक्या सीटच्या मिषाने गाडीचे वजन कमी करू नये असा नियम करणाऱ्यांचा हेतू आहे.

आता राहिल्या दोन शंकास्पद गोष्टी, हेडर आणि मागचे लोअर आर्म. या दोन्हींबद्दल तुम्ही गाडीखाली जाऊन पाहिल्याशिवाय मला ठाम बोलता येणार नाही.

हेडरची गोष्ट वाटते तितकी वाईट नाही. या गाडीत मूळचे कॅट दोन असतात, एक हेडरच्याच पोटात आणि दुसरा त्यापुढच्या फ्रंट पाइपमध्ये. स्ट्रीट टूरिंगचा नियम सांगतो की एकाहून अधिक कॅटच्या जागी एकच कॅट बसवता येतो, मात्र त्याचे तोंड मूळच्या शेवटच्या कॅटच्या शेवटापासून सहा इंचांपेक्षा मागे जाता कामा नये. त्यामुळे हेडरमध्ये कॅट नसला तरी फ्रंट पाइपमध्ये योग्य जागी असेल तर तुम्ही क्लासच्या नियमात आहात. फ्रंट पाइपही कोरा असेल, तर तुम्ही एसटीएक्समधून बाहेर पडून वरच्या क्लासच्या दारात उभे आहात असे समजा.

आर्मबाबत पाहायचे ते त्यांच्या टोकांना. मागच्या डबल विशबोनमध्ये (वर-खाली आर्म असलेल्या सस्पेन्शनमध्ये) वरचे किंवा खालचे, यांपैकी एका बाजूचे आर्म बदलायला परवानगी आहे. पण बुश (आर्मच्या टोकातले अस्तर) धातूचा असता कामा नये आणि बुशची जातही बदलता कामा नये, म्हणजे मूळच्या नळीसारख्या रबरी बुशच्या जागी गोळा-वाटीचा सांधा चालत नाही. बाजारातले बरेचसे ॲडजस्टेबल आर्म नेमके गोळा-वाटीचे असतात, आणि त्यांच्या जाहिरातीत ‘ऑटोक्रॉससाठी उत्तम’ असे बिनदिक्कत छापलेले असते.


वेगवती (कॅलिफोर्निया)

शंकूपाल यांनी नियम अगदी बरोबर सांगितले आहेत, तरीही सल्ला मी थोडा वेगळा देईन.

सह्याद्री, तुम्ही अजून एकदाही स्वतः फेरी मारलेली नाही. अशा वेळी गाडीखाली झोपून भाग बदलण्यात वसंत ऋतू घालवण्यापेक्षा ती आहे तशी घेऊन या, वरच्या क्लासमध्ये नोंदवा आणि चालवायला शिका. पहिल्या मोसमात तुमच्या आणि चांगल्या ड्रायव्हरच्या वेळेतला फरक कॅट, बुश किंवा सीट यांपैकी कशानेही भरून निघण्यासारखा नसतो. तो स्लालममध्ये (शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाताना) डोळे कुठे ठेवायचे आणि ब्रेक कधी सोडायचा यांत असतो. क्रोज लँडिंगच्या जुन्या धावपट्टीवर मी दर मोसमात असे लोक पाहते, जे एप्रिलपर्यंत गाडी ‘क्लासमध्ये बसवत’ असतात आणि ऑगस्टपर्यंत तीन-चार स्पर्धांत कशीबशी हजेरी लावतात.

पॅक्सचा जो फटका बसेल तो किती, हेही एकदा आकड्यांत पाहा, म्हणजे भीती जाईल. समजा एका क्लासचा गुणक ०.८२ आहे आणि वरच्याचा ०.८५. (दर वर्षीचे खरे आकडे वेगळे असतात, हे फक्त उदाहरण आहे.) ५० सेकंदांची फेरी खालच्या क्लासमध्ये ४१.००० ठरते. वरच्या क्लासमध्ये तेवढेच गुणलेले उत्तर मिळवायला तुम्हाला तीच फेरी ४८.२३५ सेकंदांत मारावी लागेल. पावणेदोन सेकंद म्हणजे स्पर्धेच्या दृष्टीने डोंगर आहे, हे मला मान्य आहे. पण नवा माणूस सकाळच्या पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बहुधा त्याहून जास्त वेळ कमी करतो.

एक गोष्ट मात्र शंकूपाल यांच्या उत्तरात राहून गेली. क्लबच्या पुस्तकात चालणारा हेडर सरकारच्या पुस्तकात चालेलच असे नाही. मिशिगनमध्ये नियमित धूर तपासणी नाही म्हणून तुमचे निभावते आहे. आमच्याकडे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक होतो, बॉनेट उघडून भाग डोळ्यांनी तपासले जातात, आणि कार्बच्या (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाच्या) मंजुरीचा क्रमांक नसलेला हेडर दिसला की गाडी नापास होते. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणे हे केंद्रीय कायद्यानेही निषिद्धच आहे, तपासणी होवो अथवा न होवो. उद्या नोकरी बदलून इकडे आलात, तर गाडीची नोंदणी करताना हाच हेडर आडवा येईल. तेव्हा काही बदलायचेच असेल, तर क्लासकरिता नव्हे, या कारणाकरिता हेडर बदला.


शंकूपाल (ओहायो)

वेगवतीताई, हेडरच्या कायद्याचा मुद्दा मान्य. मी फक्त क्लासपुरते बोललो होतो.

पण पहिला मोसम वरच्या, म्हणजे स्ट्रीट मॉडिफाइड, क्लासमध्ये काढायला सांगणे मला पटत नाही. त्या क्लासमध्ये कोण येते ते पाहा: भरमसाट बूस्टच्या मित्सुबिशी लान्सर इव्हो आणि सुबारू एसटीआय, दुसरेच इंजिन घातलेल्या बीएमडब्ल्यू, आणि त्यांच्याखाली हूझिअरचे रुंद, स्लिकसारखे (जवळपास खाचाच नसलेले) शर्यतीचे टायर. २०० अश्वशक्तीची बीआरझेड रस्त्याच्या टायरवर तिथे नेली, तर निकालपत्रात ती शेवटून पहिली येईल आणि गुणलेल्या यादीतही तळाशी राहील. मग तुम्ही सुधारत आहात की नाही, हे त्या कागदावरून कळणारच नाही. नवख्याला नेमकी तीच तर गोष्ट कळायला हवी असते. एसटीएक्समध्ये तुमच्यासारखीच गाडी, तुमच्यासारखेच टायर असलेला दुसरा कोणीतरी असतो. त्याच्यापेक्षा तीन सेकंद मागे असलात, तर ते तीन सेकंद कुठे गेले हे त्याला विचारता येते. एक्सएसमध्ये निदान टायर रस्त्याचे असतात, त्यामुळे स्ट्रीट मॉडिफाइडपेक्षा तो पर्याय बरा. पण तिथेही बदलांना इतकी मोकळीक आहे की तुमची गाडी अर्धवट बांधलेलीच ठरेल.

स्ट्रीट प्रिपेअर्डचे नाव कोणी काढण्याआधीच सांगून ठेवतो: तिथे बुशचा नियम जवळपास असाच आहे आणि टायर मात्र स्लिकसारखे, तेव्हा एसटीएक्समधून बाहेर फेकला गेलेला आर्म घेऊन तिकडे गेल्याने काही साधत नाही.


वेगवती (कॅलिफोर्निया)

सुधारणा निकालपत्रावरूनच मोजली पाहिजे असे कुठे आहे? रीजनमधल्या एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरला विनंती करा की त्याने त्याच्या फेऱ्या संपल्यावर तुमच्या गाडीत एक फेरी मारावी. बहुतेक ठिकाणी दिवसाच्या शेवटी मौजेच्या फेऱ्या असतात, आणि या खेळातली माणसे अशा विनंतीला सहसा नाही म्हणत नाहीत. तीच गाडी, तेच टायर, तोच मार्ग. दोन वेळांमधला फरक पूर्णपणे तुमचा. कोणताही क्लास हा आकडा देऊ शकत नाही. मी आणि माझे यजमान एकाच माझदा मियाटात दोघे धावतो, आणि मी जे काही शिकले ते त्यांच्या आणि माझ्या वेळेतल्या फरकाकडे बघूनच. (सध्या तो फरक माझ्या बाजूने आहे, हे नोंदवून ठेवते.)


मातीतला (पुणे)

धागा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीवर होते, आणि एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) छत्राखालच्या स्पर्धांत गट मुख्यतः इंजिनाच्या सीसीवरून पडतात. बुश रबराचा की धातूचा यावर इतका काथ्याकूट आम्ही करत नाही; मातीवर मागचे चाक कुठे जाईल हे बुशने थोडेच ठरते.

एक तांत्रिक शंका आहे. आर्म बदलून मूळचे लावले, तर गाडी खाली बसवलेली असल्याने मागच्या चाकांचा कॅम्बर वाढलेलाच राहील ना? ॲडजस्टेबल आर्म लोक त्यासाठीच तर घेतात.


शंकूपाल (ओहायो)

अगदी नेमकी शंका काढलीत. बीआरझेडच्या मागच्या चाकांना फॅक्टरीकडून फक्त टो (चाकाचे तोंड आत-बाहेर वळवणे) बदलण्याची सोय आहे, कॅम्बरची नाही. गाडी साधारण इंचभर खाली बसवली की मागे निगेटिव्ह कॅम्बर दोन अंशांच्या आसपास जातो. रस्त्यावर टायर आतून झिजतो म्हणून लोक घाबरतात आणि आर्म घेतात. ऑटोक्रॉससाठी मात्र, पुढे प्लेटच्या मदतीने तीन अंशांच्या आसपास ठेवलेत, तर मागचे दोन अंश मुळीच अडचणीचे नाहीत. उलट मागचे टोक धरून राहते. गाडी जमिनीला टेकवण्याइतकी खाली बसवली असेल, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी आधी उंची वाढवा, तीसुद्धा फुकट, कारण कॉइलओव्हरच्या रिंगा फिरवायला हातोडी आणि पाना एवढेच लागते. खूप खाली बसलेली गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची चाल संपते तिथल्या ठोकळ्यावर) टेकते आणि वळणात अचानक सुटते, हे जास्त गाड्यांना नडते, कॅम्बर नव्हे.

आणि मूळचे आर्म नवे घेऊच नका. ज्या ज्या माणसाने ॲडजस्टेबल आर्म लावले, त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात मूळची जोडी पडलेली असते. या गाडीच्या कोणत्याही ग्रुपवर विचारलेत, तर टपालखर्चाच्या मोबदल्यातसुद्धा मिळते.


सह्याद्री८६ (मिशिगन)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी गाडी रॅम्पवर चढवून टॉर्च घेऊन खाली गेलो आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासली.

हेडरनंतरचा फ्रंट पाइप मूळचा आहे. त्यावरची हीट शील्ड गंजून एका बाजूने सुटली आहे, पण आतला फुगीर कॅट जागच्या जागी आहे आणि त्याच्या मागे-पुढे वेल्डिंगच्या नव्या खुणा दिसत नाहीत. म्हणजे शंकूपाल यांच्या म्हणण्याप्रमाणे हेडर एसटीएक्सच्या आड येत नाही. तरीही वेगवतीताईंचा मुद्दा मनात राहिला आहे, आणि मूळचा हेडर मिळाला की तो बसवून घेईन. ट्यूनचे काय करावे लागेल ते त्या वेळी पाहतो.

मागच्या आर्मची मात्र तुम्ही भाकीत केले तशीच अवस्था आहे. दोन्ही टोकांना स्टीलचा चकचकीत गोळा आहे, त्यावरचा रबरी बूट डाव्या बाजूला फाटलेला आहे आणि आत वाळू गेलेली आहे. चाक धरून हलवले की बारीक ‘टक टक’ असा आवाज येतो. हा सांधा क्लाससाठी तर बाद आहेच, पण मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर आणखी एक हिवाळाही तो काढणार नाही, असे वाटते.

सीटचे वजन करायला घरात काटा नव्हता. शेवटी भारतात जाताना बॅगा तोलायचा जो हूकवाला काटा असतो, त्याला पट्ट्याने सीट अडकवली आणि उचलली. ब्रॅकेटसकट २८ पौंड भरली, म्हणजे सुटलो.

टायरची बाजू वाचली. ट्रेडवेअर २०० आहे, त्यामुळे नियमात बसतात. पण डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३४१९ असे आहेत, म्हणजे २०१९ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेले. खाचा भरपूर शिल्लक आहेत, मात्र रबर नखाने दाबले तर दबत नाही. नवे घ्यावेत का? योकोहामा ए०५२ आणि ब्रिजस्टोन आरई-७१आरएस ही दोन नावे सगळीकडे दिसतात.


वेगवती (कॅलिफोर्निया)

‘टक टक’ येत असेल, तर माझा आधीचा सल्ला मी बाजूला ठेवते. टेक इन्स्पेक्शनमध्ये (स्पर्धेआधीच्या गाडी तपासणीत) चाक हलवून पाहतातच, आणि सैल सांधा असलेली गाडी कोणत्याही क्लासमध्ये सोडू नये. आर्म बदलणे आलेच. ते बदलले की एसटीएक्स आपोआपच मिळतो, तेव्हा वादच मिटला.

टायर मात्र पहिल्या दोन-तीन स्पर्धांना नवे घेऊ नका. टणक टायर चुका आधीपासून ओरडून सांगतात, आणि तुम्ही ज्या चुका करणार आहात त्यांत ए०५२ चे रबर जाळणे परवडणारे नाही. त्या मापाचा संच महाग पडतो. ए०५२ पहिल्याच फेरीत गरम होऊन पकड देतो, ही त्याची खुबी. पण उन्हाळ्यात, विशेषतः गाडीत दोन ड्रायव्हर असतील तेव्हा, तो तापून घसरू लागतो, म्हणून लोक बागेतला फवारा घेऊन दोन फेऱ्यांच्या मध्ये टायरवर पाणी मारत असतात. तुम्ही एकटेच धावणार असाल आणि मिशिगनचा गारवा लक्षात घेतला, तर पुढे तो तुम्हाला सोयीचा पडेल. आत्ता मात्र आहेत त्यांच्या कडेवर खडूने रेघ ओढा, फेरी झाली की ती रेघ कुठवर पुसली गेली ते पाहा आणि त्यावरून हवा ठरवा. रेघ खाली साइडवॉलपर्यंत पुसली गेली, तर हवा वाढवा. खांद्यावर अर्धीअधिक शाबूत असेल, तर थोडी कमी करा.


शंकूपाल (ओहायो)

टायरबाबत ताईंशी सहमत, एवढेच की सहा-सात वर्षांच्या टायरला खांद्यापाशी भेगा आहेत का ते टॉर्च धरून नक्की पाहा. भेगा असतील, तर शिकण्याचा मुद्दा बाजूला राहिला, ते उतरवा.

नोंदणीबाबत शेवटच्या काही सूचना. एक, यंदाच्या पुस्तकातले परिशिष्ट ‘अ’ उघडून तुमच्या मॉडेलच्या वर्षासमोर एसटीएक्स लिहिले आहे याची खात्री करा, आणि कलम १४ पूर्ण वाचा. ते स्ट्रीट टूरिंगचे आहे. गाड्या एका क्लासमधून दुसऱ्यात हलवल्या जातात, आणि त्या बदलांची घोषणा फास्ट्रॅक या क्लबच्या मासिक पत्रकातून होते, म्हणून गेल्या मोसमातल्या कोणाच्या तरी चर्चेवर विसंबून राहू नका, माझ्या या उत्तरावरही नाही. दोन, पहिल्या स्पर्धेपर्यंत आर्म आले नाहीत, तर धावू नका. गाडी वरच्या क्लासमध्ये टाकून वेळ मारून नेता येईल, असा विचार डोक्यात येईल. पण ‘टक टक’ क्लास पाहून थांबत नाही. तीन, तुमच्या स्थानिक रीजनचे पुरवणी नियम वेगळे असू शकतात. आवाजाची मर्यादा तर जागेगणिक बदलते, आणि कॅट नसलेल्या हेडरची गाडी त्यातच आधी अडकते.

अर्जात नोव्हिसची खूण करा आणि क्लासच्या रकान्यात एसटीएक्स लिहा. गाडीच्या दोन्ही बाजूंना क्रमांक आणि क्लासची अक्षरे लागतात. पहिल्या वेळी रंगाऱ्यांची निळी टेप पुरते, पण पांढऱ्या गाडीवर ती ठसठशीत दिसते, गडद निळ्या बीआरझेडवर मात्र टाइमिंगच्या गाडीतून काहीच वाचता येत नाही. तुमची त्या रंगाची असेल, तर पांढरी टेप आणा.